वाऱ्याची बाजू

पहाटे साडेचारला बाखो काराकोलेस सोडलं,
वारा अजून झोपला होता म्हणून.
पंपावरच्या पोराने बाटल्या भरून दिल्या, म्हणाला,
"दहापर्यंत तुमचं राज्य, बायांनो. मग त्याचं."

पहिले तीस किलोमीटर गप्पा मारत गेलो.
नेलिदाचा उजवा कान अकरा वर्षांपासून बंद,
म्हणून मी नेहमी तिच्या डावीकडे:
शाळेच्या शिक्षकखोलीत, लोकांच्या लग्नांत,
दवाखान्याच्या बाकावर, आणि आता सायकलवरसुद्धा.
बोललो काय, तर कुणाच्या गुडघ्याला कोणतं मलम,
मसुरांची पिशवी फुटलीय का,
आणि ग्वानाकोचं ते पिल्लू
कुंपणाच्या तारेपाशी तीनदा आलं, तीनदा मागे फिरलं.
चौथ्यांदा काय झालं ते बघितलं नाही. उतार होता.

दहाला नव्हे, नऊ वाजून दहा मिनिटांनी तो उठला.
पश्चिमेकडून, म्हणजे थेट आमच्या उजव्या खांद्यावर,
लांबच्या डोंगरांवरचं बर्फ चाटून आलेला.
तारेला अडकलेली मेंढ्यांची लोकर आडवी झाली.
नेलिदाची सायकल एकदम रस्त्याच्या मधोमध,
मग पलीकडच्या चरात,
आणि ती खडीवर बसलेली, हसत,
तळहाताला रक्त.

तेव्हा मी बाजू बदलली.
तिच्या उजवीकडे गेले, जराशी पुढे,
सायकलची, पिशव्यांची, माझ्या रुंद पाठीची
होईल तेवढी भिंत केली.
आता तिला वारा कमी लागत होता
आणि माझा शब्द पोचत नव्हता.

ताशी सात किलोमीटर. मध्येच पाच.
मेंढ्यांचा एक ट्रक गेला, त्याच्या आडोशाला
दोन सेकंद सायकली आपोआप चालल्या,
मग त्याने आम्हाला धुळीत टाकून दिलं.
दुपारी रस्त्याखालच्या मोरीत शिरलो,
खुराड्यातल्या कोंबड्यांसारख्या वाकून पाव-चीज खाल्लं,
मातेची नळी तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे.
किती शांत होतं तिथे.
तिचा चांगला कान माझ्या तोंडापासून वीतभर.
मी काही बोलले नाही.

बाहेर आल्यावर बोलले.

"ओविदिओच्या दफनाला आले नाही,
तेव्हा ताप नव्हता मला, नेली.
मी मागच्या खोलीची खिडकी रंगवत होते. हिरवी.
एक हात झाला, वाळेपर्यंत थांबले, दुसरा दिला.
फोन वाजला तेव्हा ब्रश धुवत होते.
तू काळ्या कोटात एकटी उभी असशील, माहीत होतं,
आणि तुला तशी वाऱ्यावर सोडली.
त्याचा चेहरा बघवला नसता, असं स्वतःला सांगत आले.
तुझा बघवला नसता, हे जास्त खरं."

इतकी वर्षं कानावर घालायचं होतं,
घातलं ते असं, बंद कानावर.
ती पेडल मारत होती, मान खाली, जीभ दातांत,
आमच्या वर्गातल्या मुली भागाकार करताना धरायच्या तशी.

संध्याकाळी रस्ते खात्याची पत्र्याची खोली लागली.
ग्रेडर चालवणारा दोन रुदेसिंदो तिथे एकटाच राहतो.
त्याने चुलीपाशी जागा दिली, गरम पाणी दिलं,
आणि आजचा वारा तसा किरकोळच, अशी माहिती दिली.
एकूण एक्कावन्न किलोमीटर.

नेलिदा चष्मा नाकावर ओढून
तळहातात रुतलेला खडा सुईने उकरत होती.
"बॅटरी नीट धर की."
धरली.
"हिरवी," ती म्हणाली, वर न बघता.
"मला वाटायचं, ती खिडकी आधीपासूनच हिरवी होती."

दिवसभर वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता.
भूगोल शिकवला मी, चौतीस वर्षं.

बॅटरीचा उजेड हलला असावा,
कारण तिने माझं मनगट धरून तो परत जागेवर आणला
आणि हात काढून घ्यायला थोडा वेळ लावला.
खडा निघाला. मसुराएवढा.
"उद्या चारलाच निघू," ती म्हणाली.